टेर्मिनशिवाय केलेला फोन

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या शरदचंद्र टिपणिसांनी जन्मभर एक नियम पाळला आणि मुलीच्याही गळी उतरवला: टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, असल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. मोटारींच्या कारखान्यात पस्तीस वर्षं गिअरबॉक्स तपासलेले हे गृहस्थ. म्युनिकला आलेला मेव्हणा एकदा न कळवता दारात उभा राहिला, तर चहाच्या आधी त्याला नियम ऐकवला! पुढे पत्नी यमुनाबाई गेल्या, निवृत्ती आली, आणि दारात कुणीच येईना. ड्युसेलडॉर्फला राहणारी मुलगी अवनी दर रविवारी अकराला फोन करी, वीस मिनिटं. तिच्याकडे कायमचं राहायला येऊ का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वर्ष झालं, जीभ रेटत नव्हती.

शेवटी घर खायला उठलं तेव्हा हे एकटेच निघाले आणि थेट ॲमेझॉन नदीवरच्या बोटीत जाऊन बसले.

बोटीवर दारवाली खोली घेतली होती, हौसेने. एका रात्रीत तिथेही जीव गुदमरला. मग वरच्या डेकवर शंभर माणसांच्या झोपायच्या कापडी झुल्यांत त्यांनी आपलाही झुला टांगला. दोन्ही काठांना नुसतं जंगल. तासा-दोन तासांनी लाकडी खांबांवरची चार घरं दिसत. ना रस्ता, ना वीज. बोटीचा आवाज आला की सगळं गाव काठावर येई. कुणाला चढायचं नसे, कुणाचं माणूस उतरायचं नसे, तरी हात हलवत. आपल्यासाठी असं कुणी शेवटचं कधी बाहेर आलं होतं, ते शरदचंद्रांना आठवेना. फार एकटं वाटलं त्यांना.

अशाच एका गावाहून एक म्हातारी चढली, काखेत कोंबडी. न विचारता तिने आपला झुला त्यांच्या झुल्याला खेटून बांधला, अर्धं केळं त्यांच्या हातात कोंबलं आणि खुशाल घोरायला लागली. शरदचंद्रांना हसू आलं, आणि इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. इतकं सोपं असतं होय!

पुढच्या मोठ्या धक्क्यावर मोबाइलला रेंज आली. वार बुधवार. त्यांनी सरळ फोन लावला.

"बाबा! इस्ट वास पासिअर्ट?" काय झालं, असं अवनी घाबरून विचारत होती. मराठी तिला सगळं कळे, बोलणं मात्र जर्मनमध्येच.

"अगं, काही नाही झालं. असाच केला."

असाच म्हणजे काय, हे तिला उमजेना.

"अवनी, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"वी लांगं?" तिने विचारलं. किती दिवस?

'कायमचा' हा शब्द शरदचंद्रांच्या अगदी ओठांवर आला होता. पण प्रश्न किती रीतसर होता! त्यांनीच शिकवलेला.

"दोन," ते म्हणाले. "दोनच दिवस."

"आख, गेर्न!" हो हो, आनंदाने, म्हणत ती मोकळी हसली. लगेच कॅलेंडर पाहून तिने ऑक्टोबरातला एक शनिवार दिला, आणि शरदचंद्रांनी पोटच्या मुलीचे आभार मानले.