आजींच्या शेजारी बसलेले बाबा

तीर्थपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, हळदी, शेतातलं प्रीवेडिंग असली बाहेरची कामं नवरा बघतो आणि दुकान मी सांभाळते. पासपोर्ट फोटो असतात, बाळांचे फोटो असतात, पण मला सगळ्यात आवडतं ते आख्ख्या कुटुंबाचा फोटो काढायचं काम. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यावर हे काम बंद पडणार असं आम्ही धरून चाललो होतो. तसं झालं नाही. घरातलं कुणी नोकरीसाठी लांब निघालं, कुणी रिटायर झालं, की लोक कपड्यांना इस्त्री करून अजूनही येतात. भिंतीवर लावायला त्यांना स्टुडिओतलाच फोटो लागतो.

या कामात कॅमेऱ्यापेक्षा माणसं बसवणं अवघड. कोण कुणाचं कोण, हे विचारायची सोय नसते. एकदा एका बाईंना मी सासूबाई समजून मधल्या खुर्चीत बसवलं होतं. त्या निघाल्या थोरल्या सूनबाई. तेव्हापासून मी विचारत नाही आणि आधी बोलतही नाही, नुसती बघते. कोण कुणासाठी जागा सोडतं, लहान मूल कुणाकडे झेपावतं, त्यावरून अंदाज बांधते. अंदाज बहुतेक बरोबर निघतो. म्हणूनच त्या फोटोचं काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

बाजाराचा दिवस होता. जवळच्या गावातलं एक कुटुंब आलं. त्यात दोन भाऊ होते. थोरले रिटायर झालेले शिक्षक, जालन्याला घर केलेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. धाकटे गावाकडे शेती करायचे. सोबत दोघांच्या बायका, मुलं, सुना, आणि त्यांची म्हातारी आई. गुरुजींचा मुलगा बंगलोरला नोकरीला, तो बायको-लेकरासह दुसऱ्या दिवशी परत निघणार होता, म्हणून ही घाई. दोन्ही घरांमध्ये भांडण असं नव्हतं, पण फार मोकळेपणाही नव्हता. जालन्याकडच्या बायका एका बाजूच्या बाकावर बसल्या, गावाकडच्या दुसऱ्या. मधे आजी.

आणि आजींच्या पलीकडे एक बाबा बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना बघितलं आणि मनातल्या मनात आजोबांची जागा भरून टाकली.

मी पडदा सारखा केला, लाइट लावले आणि म्हणाले, "चला, सगळे आत या. आजी, तुम्ही मधे. बाबा, तुम्ही आजींच्या शेजारी बसा."

बाबा उठले, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि बसले. एवढ्या माणसांमधून कुणी एक शब्द बोललं नाही. गुरुजींच्या सूनबाईंनी धाकट्या भावांच्या सूनबाईंकडे एकदा बघितलं, एवढं मला आठवतं. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

गुरुजींचा नातू दीड-दोन वर्षांचा. तो आईकडे रडायला लागला, आजोबांकडे रडायला लागला, धाकट्या आजोबांनी खुळखुळा वाजवला तर जास्तच रडायला लागला. शेवटी बाबांनी हात पुढे केले. लेकरू त्यांच्या मांडीवर गेलं आणि टोपीकडे बघत गप बसलं. मी पटापट फोटो काढून घेतले. सगळ्यांचे डोळे उघडे, चेहऱ्यावर हसू. असा फोटो सहज मिळत नाही. माणसं बाहेर पडली, मागोमाग बाबाही पिशवी घेऊन गेले. बाहेर जीपवाला ओरडत होता.

फ्रेम तयार झाल्यावर गुरुजी न्यायला आले. चष्मा पुसून त्यांनी फोटो बघितला, कौतुक केलं, आणि मग विचारलं, "हे कोण आहेत?"

मला वाटलं गंमत करताहेत. "तुमचे वडील ना?"

"माझे वडील वारून पुष्कळ वर्षं झाली हो ताई."

"मग तुमच्या भावाकडचे कुणी असतील. त्यांचे सासरे वगैरे."

गुरुजी म्हणाले, "आम्हालाही तेच वाटलं. धाकट्याचे व्याही असतील म्हणून आम्ही बोललो नाही. उगीच त्याला वाईट वाटायचं."

त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. आवाज मोठा होता, पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"माझे व्याही? दादा, माझे व्याही तुमी वळखत न्हाई का? मला वाटलं तुमच्यासंगं आल्ते, तुमचे दोस्त हायेत कोणी. मास्तर लोकांचे लै दोस्त असतेत, म्हणून मी गप बसलो."

"माझा दोस्त आपल्या आईच्या शेजारी कशाला बसेल?"

"मंग मी बी तेच म्हणून राह्यलो ना!"

फोन बराच चालला. तुमच्याकडचे, तुमच्याकडचे, असं दोन्हीकडून होत राहिलं. मी काउंटरवर हात ठेवून उभी होते आणि आपण स्वतःच त्या माणसाला "बसा" म्हणालो हे मला हळूहळू आठवत होतं. पण मी तरी का म्हणाले? तो आधीच आजींच्या शेजारी होता म्हणून. आणि तो तिथे का होता?

गुरुजी फोन ठेवून म्हणाले, "यांना काढून टाका."

काढणं आजकाल अवघड नाही. कॉम्प्युटरला सांगितलं की तो माणूस पुसतो आणि मागचा पडदा आपल्या मनाने भरतो. मी पुसलं. बाबा गेले, पण नातू हवेत तरंगायला लागला. परत केलं तर त्याच्याखाली एक उशी आली, आणि आजींना तिसरा हात फुटला. नवरा रात्री घरी आल्यावर त्यानेही खटपट केली आणि म्हणाला, "पोरगं त्याच्या मांडीवर हाय, मांडी कुठून आणू? पुन्हा बोलव त्यांना." बोलवणार कसं? मुलगा-सून बंगलोरला पोचले होते.

मग गुरुजींनीच तोड काढली. वडिलांचा जुना फोटो घेऊन आले, त्यांच्या ओळखपत्रावरचा. "हा चेहरा तिथं लावा," म्हणाले. "वडील माझ्या नातवाला मांडीवर घेऊन बसले असं दिसेल. नाही तरी त्यांनी पणतू बघितला नाही."

हे मला पटलं. इतकं पटलं की मी दोन दिवस त्यावर बसले. रंग जुळवला, सावली जुळवली, टोपी तीच ठेवली. फोटो छान झाला. गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी दोन फ्रेम घेतल्या, एक जालन्याला आणि एक गावाकडे आईसाठी. विषय संपला असं मला वाटलं.

आठवडाभराने धाकटे भाऊ मोटरसायकलवर आजींना घेऊन दुकानात आले. आजींच्या मांडीवर फ्रेम, जुन्या साडीत गुंडाळलेली. खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, हे आमचे मालक हायेत व्हय?"

"हो आजी. गुरुजींनी लावायला सांगितले."

"तोंड त्यांचंच हाय. पण त्यांनी जल्मात धोतर घातलं न्हाई. ते पायजमा घालायचे. आन माझ्या इतक्या जवळ ते कधी बसले न्हाईत. चारचौघांत तर बिलकुल न्हाई. हे बघितलं की मला कसंनुसंच व्हतंय. जो बसला व्हता त्यालाच राहू द्या."

धाकटे भाऊ ओशाळून म्हणाले, "आई चार दिस झाले जेवणावर नीट न्हाई. फोटो उलटा करून ठेवती."

मी आजींजवळ बसले. "आजी, पण ते होते कोण? तुम्ही तर बोलत होता त्यांच्याशी."

"मला वाटलं तुमचे सासरे हायेत. दुकानात बसलेले व्हते. मला म्हणले, ऊन लै हाय, पाणी पेलं का? मी म्हणलं पेलं. बास. एवढंच बोलणं झालं."

माझे सासरे! मी धाकट्या भावांकडे बघितलं, ते माझ्याकडे. मी जुना फोटो परत काढून दिला, बाबांसह जसा होता तसा. आजींनी तो डोळ्यांजवळ धरला आणि समाधानाने साडीत गुंडाळला. आता दोन भावांच्या घरी एकाच दुपारचे दोन वेगळे फोटो आहेत. जालन्यात आजींच्या शेजारी त्यांचे मालक आणि गावात भलताच माणूस. खरा फोटो कोणता म्हणायचा? जो खरंच काढला तो, की जो असायला पाहिजे होता तो? मला गुरुजींचंही पटतं आणि आजींचंही.

त्यानंतर एक दिवस बाबा स्वतः दुकानात आले. तेच धोतर, तीच पिशवी. मी काउंटरमागून जवळजवळ धावतच बाहेर आले.

ते शांतपणे म्हणाले, "ताई, माझा फोटो झाला का?"

"कोणता फोटो बाबा?"

"बँकेत द्यायचा. मागं काढला न्हाई का? मी आष्टीचा. लेक दिली हाय इकडं, तिच्याकडं आल्तो. फोटो काढायला बसलो व्हतो, तर तुमी म्हणले आत या, बसा. बसलो."

"पण बाबा, एवढी माणसं सोबत होती! तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी जरा विचार केला. "मला वाटलं आता असंच काढतेत. आधी समद्यांचा, मंग त्याच्यातून एकेकाचा कापून देतेत. कंप्युटरवर समदं व्हतंय म्हणतेत ना. मंग जीप निघून राह्यली व्हती, मी गेलो."

मी त्यांना बसवलं आणि पासपोर्ट फोटो काढून दिला. मग तो मोठा फोटो त्यांना स्क्रीनवर दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "ते लेकरू चांगलं बसलं व्हतं," म्हणाले. मग हळूच विचारलं, "ह्याची एक कापी मला भेटन का?"

मी गोंधळले. दुसऱ्याच्या घरच्या लेकी-सुनांचा फोटो परक्या माणसाला कसा द्यायचा? आणि त्यात ते स्वतः बसलेले, तर नाही तरी कसं म्हणायचं? धाकट्या भावांना फोन लावला. त्यांनी आईला विचारलं. आजींचा आवाज आला, "दे म्हणावं. त्यो बी त्याच्यात हाय ना." मी छोटी फ्रेम करून दिली. बाबा ती पिशवीत सरळ बसेपर्यंत दोनदा आत-बाहेर करत होते.

महिना गेला असेल. एक चाळिशीचा माणूस दुकानात आला, हेल्मेट काढलं, मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात त्याच फ्रेमचा फोटो होता, एका निळ्या भिंतीवर लावलेला.

"हे तुमच्या दुकानातलं हाय ना? मागं शिक्का हाय तुमचा."

"हो."

"हे माझे वडील. आष्टीला असतो आम्ही. त्यांच्या शेजारच्या या बाई कोण? आन हे समदे कोण? आमच्या घरात लावलंय त्यांनी. आई वारल्याला तीन सालं झाली. गावातले लोक बघायला येऊन राह्यलेत. विचारलं तर म्हणतेत, तीर्थपुरीला फोटो काढला. कोणासंगं, तर म्हणतेत, वळख न्हाई."

मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बाजार, बाक, नातू, जीप. तो ऐकत होता, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की अर्धंच पटतंय. सांगताना मलाही ते खोटं वाटायला लागलं. खरंच, कुणाला पटेल?

"ज्यांचा फोटो हाय त्यांच्याशी बोलणं करून द्या," तो म्हणाला.

मी धाकट्या भावांना फोन लावून त्याच्या हातात दिला. सुरुवातीला तो चढ्या आवाजात बोलत होता. मग "हो, हो" म्हणायला लागला. मग रेंज येईना म्हणून बाहेर रस्त्यावर गेला. काचेतून मला तो दिसत होता. एकदा कपाळाला हात लावला, एकदा मोठ्याने हसला, मग बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला.

आत येऊन फोन मला परत दिला. "ते म्हणतेत, वडलांना घेऊन जेवायला या. त्यांची आई विचारून राह्यली म्हणतेत."

"मग?"

"मंग काय? ताई, कोणत्या नात्यानं जाऊ मी? लोकांला काय सांगू?"

मी म्हणाले, "मला नका विचारू भाऊ. मला यातलं काहीच कळत नाही. पण जावंसं वाटलं तर जा."

त्याने हेल्मेट घातलं, परत काढलं, आणि आजींच्या गावाचा रस्ता कोणत्या बाजूने आहे ते विचारलं. मी दुकानाच्या पायरीवर येऊन हात करून दाखवला.