विहिरीत टाकलेली किल्ली

लॉकअपची किल्ली विहिरीत पडली तेव्हाचा आवाज मला आजही आठवतो. विसरणार कसा? ती मीच टाकली होती.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. कोपरगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सगळा ऊसपट्टा, त्यामुळे विहिरीविहिरीवर ऑइल इंजिन. इंजिनाच्या पाइपाच्या टोकाला, पाण्याच्या तळाशी, पितळेचा एक फुटव्हॉल बसवलेला असतो. तो नसला तर इंजिन दिवसभर धडधडत ठेवा, पाण्याचा थेंब वर यायचा नाही. त्या उन्हाळ्यात हे फुटव्हॉल चोरीला जाऊ लागले.

पहिली फिर्याद एका म्हाताऱ्या बागायतदाराची. गडी तोंडाने फटकळ. "सायेब, ऊस वाळाया लागलाय अन् तुमी कागूद काय रंगवताय? आदी हीर बगा!" म्हणत त्याने मला जवळजवळ ओढतच शेतावर नेलं. पंचनामा करताना मी चक्रावलो. पाइप जागच्या जागी होता. तो वर न ओढता कुणीतरी चार पुरुष खोल पाण्यात बुडी मारून, पाण्याखाली पान्याने बोल्ट सोडवून व्हॉल नेला होता. आमचे हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, हे माणसाचं काम नव्हे." मी म्हटलं, "भुताला पितळ कशाला लागतंय, हवालदार?"

खबर दिली बाजारातल्या एका तांबटाने. नदीकाठच्या एका गावची चार पोरं त्याच्याकडे फुटव्हॉल विकायला आली होती. माल ओळखून त्याने त्यांना वाटेला लावलं आणि सरळ ठाणं गाठलं. मी चौघांना चौकशीसाठी आणलं. थोरला अठराचा, बाकीचे त्याच्याहून बरेच लहान. तांबटाने थोरल्याला ओळखलं, पण माल हातात नव्हता आणि पोरं तोंड उघडायला तयार नव्हती. सोबत आलेले सरपंच खुर्चीत रेलून म्हणाले, "दोन फटके द्या, पोपटावानी बोलत्याल." फटक्याने माणूस बोलतो खरा, पण आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलतोच असं नाही. सरपंचांना चहा पाजून मी वाटेला लावलं.

मग थोरल्याला विचारलं, "पोहता येतं का रे?"

"न्हाई सायेब. पान्याचं लई भ्या वाटतंय."

दुसऱ्याला विचारलं. त्यालाही येत नव्हतं. तिसऱ्याचं आणि चौथ्याचंही तेच. गोदावरीकाठची चार पोरं, आणि एकालाही पोहता येत नाही! मला हसू आवरेना. चोरी लपवायला निघालेल्या पोरांनी नदीच नाकारली होती.

आमच्या ठाण्याच्या आवारात विहीर होती. चौघांना तिच्याजवळच्या लिंबाखाली बसवलं, लॉकअपची किल्ली बोटात फिरवत मी काठाकाठाने चालू लागलो आणि हातातून निसटल्यासारखं करून ती विहिरीत सोडली. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती, पण हे हवालदारांना मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. आत एक आरोपी होता आणि त्याला थोड्याच वेळात कोर्टात हजर करायचं होतं. हवालदारांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गळ घेऊन धावले आणि विहीर ढवळू लागले.

थोरला बसल्या जागी चुळबुळ करत होता. उठायचा, परत बसायचा. शेवटी त्याला राहवलं नाही.

"अवो हवालदार, गाळ कशाला ढवळताय? पानी गढूळ झाल्याव काय घावनार हाय? सरका बाजूला!"

आणि अंगरखा फेकून त्याने सूर मारला. पाणी शांत झालं. मग डोकं वर आलं आणि पाठोपाठ किल्ली धरलेला हात. तोंडभर हसत तो पायऱ्या चढून वर आला. माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच थिजलं.

काय झालं ते त्याला कळलं होतं. त्याने किल्ली पुढे केली. "घ्या सायेब. हिनंच कोंडा मला. पर ह्यान्ला सोडा. मीच नेत हुतो ह्यान्ला."

डाव जिंकूनही मला त्या क्षणी वाईट वाटलं. चहा पाजल्यावर त्याने सगळं सांगितलं. पहिला व्हॉल पैजेवर काढला, मग चटक लागली. शाळा सुटलेली, हाताला काम नाही. दोन-तीन व्हॉल विकून भेळ आणि तंबूतला सिनेमा झाला होता. बाकीचे पोत्यात बांधून नदीच्या डोहात ठेवलेले. पंचांसमक्ष त्यानेच ते काढून दिले आणि मुद्देमाल जप्त झाला.

लहान तिघांना समज देऊन पालकांच्या ताब्यात देतील असा रंग होता. थोरल्याचं अवघड होतं. तुरुंगात पितळ चोरणाऱ्याला सोनं चोरायला शिकवणारे गुरू बसलेले असतात, हे मी पुरेपूर पाहिलं होतं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्ट त्याला सोडू शकत होतं, पण त्याच्यासाठी उभं राहणारा माणूस हवा. त्याच्या घरी आईशिवाय कुणी नव्हतं, आणि गावात त्या दोघांच्या सावलीला कुणी उभं राहत नव्हतं.

कोर्टाच्या हुकुमाने मुद्देमाल मालकांना परत मिळाला. थोरला जामिनावर होता. मी त्याला म्हटलं, "काढलेस तसे बसवून दे." चौघांना घेऊन मी शेतोशेत फिरलो. शिव्या पोरांनी खाल्ल्या, थोड्या मीही खाल्ल्या. म्हातारा बागायतदार तर कोयता घेऊनच बाहेर आला. पण पोरगा त्याच्या विहिरीत उतरला, व्हॉल बसला, इंजिन सुरू झालं आणि पाटाला पाणी लागलं. म्हातारा पाण्याकडे बघत राहिला.

निकालाच्या दिवशी पोराने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, "याची हमी कोण घेतं?" कुणी हललं नाही. मागे त्याची आई पदर तोंडाला लावून उभी होती. एवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"म्या घेतो," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही तर फिर्यादी!"

"व्हय. पर ह्यो आत गेल्याव माज्या हिरीत कोन उतरायचं?"

कोर्टात हशा पिकला. पोराच्या आईने त्या म्हाताऱ्याचे पाय धरले. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन हवालदारांना मीच चहा पाजला.

पुढे तालुक्यात कुठे विहिरीत जनावर पडलं, नदीत कुणी बुडालं की आम्ही त्या चौघांना बोलावू लागलो. रविवारी ती पोरं घाटावर लहान मुलांना पोहायला शिकवत आणि आमचा एक शिपाई काठावर बसून लक्ष ठेवी. गावात दुसरी उनाड पोरं होतीच, तीही हळूहळू तिकडे वळली. व्हॉल परत कधी गेले नाहीत. पोराने काय केलं हे आम्ही पोलीस लगेच विचारतो. त्याला काय येतं हे विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो, आणि पुढे प्रत्येक ठाण्यात विचारत राहिलो.

माझ्या बदलीच्या आधी एकदा हवालदारांच्या हातून लॉकअपची किल्ली खरोखरच विहिरीत पडली. थोरल्याला निरोप धाडला. तो आला, काठावर उभा राहिला, पण उतरेना.

"सायेब, आदी सांगा. आज कोनाला धरायचंय?"

"कुणालाच नाही रे. आज खरंच पडली."

"आईची शपथ घ्या."

भर ठाण्यात, सगळ्या स्टाफसमोर, मी आईची शपथ घेतली. मग त्याने हसत सूर मारला.