खांद्यातला कापूस

टोकावड्याच्या नाक्यावर महादू शिंप्याचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक पुरुषाच्या पोटाचा घेर त्याला तोंडपाठ. स्वतःच्या छातीचं माप मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. अंगानं तो काडीसारखा, म्हणून आपल्या सदऱ्याच्या खांद्यांत कापसाच्या गाद्या शिवून घाले.

आपल्याला पुरुष आवडतात, हे त्याला विशीतच उमगलं होतं. आपण कुणाला आवडू, हे मात्र पटत नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली पत्रमैत्रीतून कल्याणचा एक जण भेटला. चहा पिता पिता त्यानं महादूच्या खांद्यावर हात ठेवला, गादी दाबली आणि हसून म्हणाला, "फोटोत भरलेला वाटलास." चहा अर्धा टाकून तो निघून गेला. महादूनं घरी येऊन गाद्यांवर आणखी एक थर चढवला.

पाच वर्षांनी मुरबाडच्या एसटीवरचा कंडक्टर धाऊ खाकी पँट शिवायला आला. कंबर चौतीस भरली. पँट तयार झाली, पण बटण लागेना. पुन्हा माप घेतलं, पुन्हा चौतीसच. तिसऱ्या खेपेला महादूनं टेप सोडून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"धाऊ, श्वास सोड."

"सोडलाय की."

"नाय सोडलास. लाल झालायस."

धाऊनं श्वास सोडला. पोट निवांत बाहेर आलं. अडतीस.

"शिंप्यापुढं कसली लाज?"

"तुझ्यापुढंच," धाऊ खाली बघत म्हणाला. "तू टेप घेऊन जवळ आलास की पोट आपोआप आत जातं. बाकी कुणापुढं नाय जात."

महादूच्या हातातला खडू मोडला. त्यानं धाऊचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

"दाब."

"काय रे हे?"

"कापूस."

"दोन उशा होतील की," धाऊ म्हणाला, आणि दोघं इतके हसले की बाजूचा पानवाला डोकावून गेला.

पुढल्या वर्षी धाऊ दुकानामागच्या खोलीत राहायला आला. गावानं त्याला भाडेकरू म्हटलं, या दोघांनीही तेच चालू दिलं. मे महिन्यात एके सकाळी ते नदीवर आंघोळीला गेले. धाऊ पोट सोडून खुशाल पाण्यात बसला. महादूला सदरा काढायलाच अर्धा तास लागला. शेवटी तो उघड्या अंगानं काठावर उभा राहिला. पलीकडे गावातली रंगूमावशी धुणं आपटत होती. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

महादूला जरा रागच आला.