सेलूतला समुद्र

कुणीही पाण्याचा ग्लास पुढे केला, की ते आधी तो उजेडाकडे धरत. एक डोळा मिटून बघत आणि मगच पीत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको जराशी रागावलीच.

"पाणी खराब हाय का?"

"न्हाई ताई, सवय हाय. आधी पाण्याला विचारायचं."

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. मी तिथला ग्रंथपाल. मला ते 'वाचनालय' अशीच हाक मारत. निवृत्त झाल्यावर माणसं सेलूत प्लॉट घेतात, यांनी समुद्र घेतला. बैठकीत काचेची टाकी, मोजून मीठ कालवलेलं खारं पाणी, दोन नारिंगी मासे, गोगलगायी आणि प्रवाळ. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त टाकीचा पंप चाले. आम्ही पाहुणे पेपरनं वारा घेत बसायचो. एक हिरवं प्रवाळ त्यांनी नखाएवढ्या तुकड्यापासून तळहाताएवढं वाढवलं होतं. त्याला ते 'पोरगी' म्हणत.

बायपाससाठी ते आणि वहिनी संभाजीनगरला गेले, तेव्हा घराची किल्ली आणि मासे माझ्याकडे होते. परत आले तर पोरगी मिटलेली, गोगलगायी तळाशी पडलेल्या. छातीवर टाके असतानाच त्यांनी नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि रंग उजेडाकडे धरला.

"तांबं!" प्रवाळाला आणि गोगलगायींना ते विषच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाचनालय, काय टाकलाव?"

"खाद्य. तेवढंच."

"बघू."

वहीत संशयितांची यादी झाली. पहिला मी. मग नळ, मग पंप, मग वहिनींचा पाणी प्यायचा तांब्या. तांब्याला आमच्या घरी तडीपार केलं. नळाचं आणि पंपाचं पाणी तपासलं. दोघे निर्दोष सुटले. मी राहिलो. टाकीजवळ जाण्याआधी मला अंगठी आणि घड्याळ काढावं लागे.

अर्धं पाणी बदललं. धातू शोषून घेणारा पांढरा स्पंज आणवून पाण्यात सोडला. तांबं धरलं की तो निळा पडतो. तो निळा पडला. नवा टाकला, तोही दोन दिवसांत निळा.

"चोर आतच बसलाय," ते म्हणाले. "वाचनालय, बाह्या वर करा."

त्यांना वजन उचलायची मनाई होती, म्हणून आरोपीनंच एकेक दगड बादलीत काढून ठेवला. वहिनी दारात उभ्या होत्या. शेवटच्या दगडाखाली निजामाच्या काळातला तांब्याचा पैसा निघाला, हिरवा पडलेला.

मी सुटलो म्हणून हसणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"मी टाकला. दवाखान्यात निघालो त्या सकाळी." त्यांची नजर फरशीवर होती. "गंगेला जायला येळ कुठं होता? घरात समुद्र हाय, गंगा शेवटी तिथंच जाते म्हणलं. तुमी तांबं तांबं करायलाव तवा कळलं. पण काढला असता अन् तुमाला काही झालं असतं तर?"

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

इतके दिवस चोराच्या नावानं ओरडणाऱ्या माणसानं पैसा धुतला, पुसला आणि वहिनींच्या हातावर ठेवला.

"मी बसलोय न्हाई का समोर? पावली गंगा. आता हा जपून ठेवा. नदीतबी टाकू नका, तिथंबी मासे हायत."

महिन्याभरात पोरगी उमलली. सकाळी सहाला फोन आला, "वाचनालय, पोरगी हसायलीय!"

पुढं दोन वर्षं ते आमच्यात होते.

अस्थी घेऊन आम्ही जीपनं गंगाखेडला गेलो. पूल आला तशी सगळ्यांनी खिडकीतून नाणी टाकली. वहिनींनीही मूठ बाहेर काढली, पण उघडली नाही. हात आत घेतला, तो जुना पैसा बोटांत धरून एक डोळा मिटून उजेडाकडे पाहिला आणि पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

"नको," त्या मला म्हणाल्या. "ओरडतील."