तपासणीच्या दिवशी घरी

बारा जून. साड्यांना इस्त्री करताना गरम सुती कापडाचा वास आला आणि अंथुर्णे गावापलीकडच्या एका वस्तीवरचं घर आठवलं. तिथल्या नऊ वर्षांच्या मुलीला शिकायला, बोलायला फार वेळ लागायचा. विशेष शिक्षिका म्हणून मी आठवड्यातून एकदा जायची. चार महिन्यांत ती उभी राहून स्वतःचं नाव सांगायला शिकली होती. त्या संध्याकाळी गेले, तर तिची आई नुकता इस्त्री केलेला गणवेश पेटीत ठेवत होती. म्हटलं, "उद्या शाळा नाही का?" "हाय की. पर गुरुजी म्हणले, साहेब तपासणीला येणार, हिला घरीच ठिवा. हजेरी आमी मांडतो." माझं डोकंच फिरलं. पोरगी घरी असली तर कागदावर हजर, आणि खरंच हजर राहिली तर यांना तिची लाज! "आणि तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत?" "भांडून कसं व्हईल, बाई? वर्षभर तितंच बसायचंय तिला." "भांडायचं नाही, नुसतं तिला वर्गात बसवायचं," म्हणत मी पेटीतला गणवेश परत बाहेर काढला. गुरुजी एरवी भले माणूस होते, म्हणून तर राग अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकींना स्कूटीवर घेऊन मी साहेबांच्या आधी शाळेत पोचले, मुलीला पहिल्या रांगेत बसवलं आणि गुरुजींना म्हटलं, "आता मांडा हजेरी."