शेंड्याचं पान

पांढुर्ण्याला मी गाडीत चढायचे, तेव्हा एक मावशी खिडकीपाशी बसलेल्या असायच्या. तिगावहून निघून त्या काटोलच्या नर्सरीत संत्र्याच्या रोपांवर कलमाचे डोळे बांधायला जायच्या. बोटं हिरवट, कमरेला छोटा चाकू. बोलणं कमी, पण ठाम. नाव मी कधी विचारलं नाही.

मी नागपूरला विद्यापीठात एमएस्सी करत होते. संत्र्याच्या पानातून डीएनए काढायचा प्रयोग माझा दोनदा फसला होता. नळीत नुसता तपकिरी, चिकट गोळा यायचा. तिसऱ्यांदा फसला असता तर प्रॅक्टिकलचे गुण गेलेच असते. म्हणून एकदा गाडीतच पिशवीतली पानं काढून बघत बसले होते.

"काय पाहून राहिली, पोरी?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एक पान मोडून बोटांत चोळलं.

"हे जून हाय. याच्यात चिकटा लय. शेंड्याचं कवळं पान घे."

"हे प्रयोगशाळेचं काम आहे, मावशी."

"असंन. पण पान तं झाडाचंच हाय न?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओल्या फडक्यात कोवळी पानं बांधून आणली. त्या दुपारी प्रयोगशाळेत तपासणीच्या जेलवर डीएनएची स्वच्छ, ठळक पट्टी उमटली. पुढे त्या डीएनएचा क्रम संगणकावर संत्र्याच्या नोंदलेल्या क्रमाशी बिनचूक जुळला.

गाडीत मोबाइलवरचा पट्टीचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला.

"तुह्या पुस्तकात हे लिहेल नव्हतं?"

"आमच्या कृतीत नुसतं 'पान घ्या' लिहिलंय."

"मंग तू नीट लिहून टाक."

त्याच दिवशी जर्नलमधली कृतीची पहिली ओळ मी खोडून नव्यानं लिहिली.