खुर्ची ओढणारा काउबॉय

पेंटरबद्दल मला फारसं काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अठरा वर्षं आम्ही एकाच थिएटरचे बोर्ड रंगवले, तो चेहरे आणि मी अक्षरं. पण त्याला मुलं किती, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. माणसांशी बोलणं मला कधीच नीट जमलं नाही. लिहिणंही तसंच असेल.

ज्या पिक्चरचा बोर्ड करायचा, तो पिक्चर पेंटर बघत नसे. तीन-चार फोटो यायचे, त्यांवर चौकोन आखायचे आणि तेच चौकोन मोठे करून बोर्डावर उतरवायचे. "बघितला की हात चळतो," म्हणायचा.

एकदा काउबॉयचा पिक्चर आला. फोटोत घोडे, रुंद टोप्या, फासाचा दोर आणि डोळे वटारलेला हिरो. पेंटरने आभाळ लालभडक केलं, हिरोच्या कपाळावर आठ्या चढवल्या. मीही अक्षरांतून रक्त ठिबकवलं. बोर्ड लागून दोन दिवस झाले नाहीत तोच मॅनेजर तणतणत आमच्या शेडमध्ये आले.

"अहो, विनोदी आहे तो. काउबॉयच्या पिक्चरांची टिंगल आहे सगळी. तुमचा बोर्ड बघून बायकापोरं पलीकडच्या फुटपाथवरून जातायत."

"फोटोत कोणी हसत नव्हतं," पेंटर म्हणाला.

"मग तुम्ही हसवा. उद्या दुपारच्या खेळाआधी हिरो हसला पाहिजे. नाहीतर पुढचे बोर्ड दुसऱ्याकडे. मालकांनीच सांगितलंय."

ते गेल्यावर पेंटर बराच वेळ एकच ब्रश पुसत बसला. दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि शिकायचं वयही उरलं नव्हतं. मग म्हणाला, "चल, बघून येऊ." मला वाटलं, चेष्टा करतोय.

साडेतीनच्या खेळाला आम्ही मागच्या रांगेत बसलो. आमच्या अंगाच्या टर्पेंटाइनच्या वासाने शेजारचा एक जण उठून पुढे गेला. असला पिक्चर आम्ही दोघांनीही कधी बघितला नव्हता. आधी मला काही कळेना. हिरो तावातावाने गुत्त्यातून उठतो, तर बुटाच्या टाचेवर घोड्याला टोचायचा काटा असतो, त्यात खुर्ची अडकलेली. ती फरफटत तो भर रस्त्यात शत्रूसमोर जाऊन उभा राहतो. शत्रू खुर्चीकडे बघतो आणि मुकाट्याने स्वतःसाठीही एक घेऊन येतो. मग दोघं बसून एकमेकांवर पिस्तुलं रोखतात.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. पेंटर हसत होता. एवढ्या धिप्पाड माणसाचं हसणं पिपाणीसारखं बारीक. तोंडावर रुमाल, डोळ्यांतून पाणी. बारा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. अजूनही दुपारी घर रिकामं असलं की आठवतं.

मध्यंतरात तो म्हणाला, "बघितलंस? सगळं थिएटर हसतंय, तो एकटा हसत नाही."

"मग?"

"मग मी कसा हसवू त्याला? तो हसला की संपलंच."

"मॅनेजर ऐकायचे नाहीत."

"नाही तर नाही. तू तेवढं रक्त पूस. खाटकाची पाटी वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चेहऱ्याला हात लावला नाही. हिरोच्या टाचेला फक्त एक पिवळी खुर्ची रंगवली, एक पाय मोडलेली. मॅनेजर आले. चेहरा बघून त्यांचा पारा चढला, मग नजर खाली उतरली. इतक्यात रस्त्यावरची एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून हसायला लागली. मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं.

"पुढचे फोटो संध्याकाळी पाठवतो," म्हणाले आणि गेले.

पुढे सहा वर्षं बोर्ड आमच्याकडेच राहिले. मग छापील आले. पेंटर लेकीकडे राहायला गेला. त्याला लेक आहे, हे मला तेव्हा कळलं. एकदा त्याचा फोन आला.

"आता बघतोस का पिक्चर?" मी विचारलं.

"बघतो की. लेक लावून देते."

"कसे असतात?"

"बरे असतात. मधेच झोप लागते."

"मलाही."

"बरं, ठेवतो. जावई आलाय, दार उघडायचंय."

"ठेव," मी म्हणालो.